खुंटीवरची आठ वर्षं

मित्रांनो, मी एक जुना पखवाज आहे. जुन्या वस्तूंनी आपली कहाणी गोड आवाजात सांगावी, डोळ्यांत पाणी आणावं, अशी रीत आहे. ते माझ्याच्यानं होणार नाही. मला राग आला आहे, आणि तो गिळून बोलायची मला सवय नाही. माझं डाव्या बाजूचं कातडं फाटलं आहे. ते कुणी फाडलं, कसं फाडलं, हे ऐका आणि मग काय ते ठरवा.

माझं लाकूड फणसाचं. खानापूरच्या रानातला फणस. बेळगावात खडेबाजाराच्या मागच्या बोळात यल्लाप्पा नावाचा कारागीर होता, त्यानं मला पोखरलं, घासलं, दोन्ही तोंडांवर बकऱ्याचं कातडं चढवलं. उजव्या तोंडावर काळी शाई घोटून बसवली. डावं तोंड मात्र कोरं ठेवलं. त्या तोंडाचा एक हट्ट असतो. वाजवायच्या आधी तिथं गव्हाची ओली कणीक थापावी लागते, तेव्हा कुठे पोटातून 'धुम्' असा आवाज निघतो. वाजवून झालं की कणीक लगेच खरवडून काढायची आणि कातडं पुसायचं. विसरलात तर कातडं मेलं म्हणून समजा. यल्लाप्पानं मला गिऱ्हाइकाच्या हाती देताना हे तीनदा बजावलं होतं.

ते साल १९०८. गिऱ्हाईक होतं बेळगावला लागून असलेल्या शहापूरच्या विणकरांचं भजनी मंडळ, आणि मला वाजवणार होता केदारी, वीस वर्षांचा विणकर. त्याचे हात मला पहिल्याच दिवशी आवडले. दिवसभर पायांनी मागाच्या पावड्या दाबायच्या आणि हातांनी धोटा फेकायचा, त्यामुळे लय त्याच्या अंगातच मुरली होती. अमावास्येला शहापुरातले माग बंद असत. त्या दिवशी दुपारपासून देवळात भजन चाले. एकेक अभंग आम्ही ठाय, म्हणजे संथ लयीत घोळवून घोळवून म्हणत असू. घाई म्हणून नसे. टाळकरी डुलत, आणि माझ्या 'धुम्' बरोबर देवळाची फरशी हलते आहे असं वाटे.

केदारीची बायको चंद्राबाई. ती भजनात कधी गायली नाही. बायका मागं भिंतीशी बसत, तिथं तीही बसायची. पण माझी कणीक तिची. घरात रोज जोंधळ्याची भाकरी, गहू सणावारी. तरीही अमावास्येला माझ्यासाठी एक मूठ पीठ ती राखून ठेवायचीच. ना सैल ना घट्ट, अशी मळून गोळा नवऱ्याच्या हातात द्यायची. भजन संपलं की तो गोळा खरवडून गाईला घालायची आणि मला पदरानं पुसायची. ते पीठ कोणत्या डब्यात असतं हे केदारीनं कधी विचारलं नाही.

एक गोष्ट मी सांगणार नव्हतो, पण सांगतो. मी यायच्या आधी त्या मंडळात अंबाजी नावाचा म्हातारा खंजिरी वाजवायचा. मला बघून तो म्हणाला, "ह्यो दांडगा कशाला आणलाय रं? ह्याच्यापुढं माझी खंजिरी कुणाला ऐकू येणार?" सगळे हसले. मीही पोटभर घुमलो. दोन महिन्यांनी अंबाजी यायचा बंद झाला. त्याची खंजिरी पुढं कुठं गेली, कुणास ठाऊक. तेव्हा मला त्याचं काहीच वाटलं नाही.

तीस वर्षं आम्ही गाजवली. हिंडलग्याला गेलो, उचगावला गेलो. लोक म्हणत, शहापूरचा पखवाज ऐकावा तो केदारीअण्णाचा. मग पेटी आली. पेटीबरोबर नाटकातल्या चाली आल्या. नाक्यावरच्या हॉटेलात ग्रामोफोन आला, तो सकाळपासून बोंबलायला लागला. मग बोलपट आले, आणि देवाच्या अभंगाला बोलपटातल्या चाली लागल्या! काय म्हणावं या प्रकाराला? जो अभंग आम्ही अर्धा तास घोळवायचो, तो ही पोरं पाच मिनिटांत उरकायची.

मंडळात परशराम नावाचा तरुण विणकर पेटी वाजवायचा. एका अमावास्येला तो म्हणाला, "अण्णा, जरा चलाख वाजवा की. लोकांस्नी आता ह्येच आवडतंय."

"लोकांस्नी आवडतंय म्हणून मी माकडागत नाचू व्हय?" केदारी कडाडला. अभंग अर्ध्यावर टाकून त्यानं मला उचललं, घरी आणलं आणि मागाशेजारच्या खुंटीला टांगलं. मंडळींनी तबला आणला.

ते साल १९३८. तिथून आठ वर्षं मी खुंटीवर.

या आठ वर्षांत केदारीनं काय केलं? नुसती कुरकूर. दारात कुणीही येवो, हा सुरू. "आमच्या येळचं भजन म्हंजे भजन. ती ठाय लय आता कुठं ऱ्हायली? समदं गेलं, समदं नासलं." ऐकणारा मान हलवायचा. आणि मी हातभर अंतरावर लटकत होतो! माझ्यावर कोळिष्टकं चढली, वाद्या सैल पडल्या. या माणसाला मला खाली काढायला कुणाची बंदी होती? सुरुवातीला मीही त्याच्यासारखाच परशरामला शिव्या देत होतो. पण दरसाल तेच रडगाणं ऐकून मला परशरामपेक्षा केदारीचाच संताप यायला लागला.

कारण चंद्राबाई. चाळीस वर्षं मागाच्या खटखटाटात सुताच्या कांड्या भरून तिचे कान जात चालले होते. पेटीचा आवाज तिला कळेना. माणसांचं बोलणं ओरडून सांगावं लागे. फक्त जाड, खोल आवाज तेवढे पोचत. एकदा ती नवऱ्याला म्हणाली, "देवळात न्हाय तर न्हाय. हितं घरात वाजवा की एकदा ती जुनी चाल. पखवाजाचा धुम् मला अजून कळंल. पुढच्या साली कळंल का न्हाय, सांगता येत न्हाय."

"भजन काय एकट्याचं असतंय?" केदारी तिच्या कानाशी ओरडला. "मंडळी मला बोलवायला येऊ देत. मग बघू."

तिनं पुन्हा तीनदा विचारलं. तिन्ही वेळा हेच उत्तर.

१९४६ च्या चैत्रात मंडळी खरंच आली. तबला वाजवणारा परगावी गेला होता. परशराम दारात उभा राहून म्हणाला, "अण्णा, उद्या अमावास्येला तुम्हीच या. तुमची जुनी चाल वाजवा. पेटी तुमच्या मागनं चालंल." केदारी फुगला. आता दाखवतोच एकेकाला, असं म्हणत त्यानं मला खाली काढलं. त्याच्या मनात चंद्राबाई नव्हती. ती तर भाचीच्या बाळंतपणाला चार दिवस वडगावला गेली होती. निरोप पाठवून तिला बोलवून घ्यावं, हे त्याला सुचलंसुद्धा नाही.

अमावास्येच्या दुपारी त्यानं माझ्या कातडी वाद्या ताणल्या, त्यांखालचे लाकडी गट्टे ठोकले. आणि मग कणीक शोधायला लागला. युद्ध संपलं होतं, पण गहू रेशनवरच. एक डबा उघडला, दुसरा उघडला, तिसरा आपटला. चंद्राबाईचा डबा कुठं असतो हे त्याला माहीतच नव्हतं. तेवढ्यात कोपऱ्यातलं खळीचं मडकं दिसलं. सुताला ताठपणा यावा म्हणून विणकर ताण्याला लावतात ती खळ.

"खळ तर खळ," तो म्हणाला. "चिकटतंय न्हवं!"

अरे, सूत ताठ करणारी वस्तू माझ्या कातड्याला! जन्मभर ताण्याला खळ फासलेल्या माणसालाच हे सुचावं.

पहिला अभंग बरा गेला. मला वाटलं, परत आले ते दिवस. दुसऱ्या अभंगात खळ वाळायला लागली. उन्हाळा, देवळात माणसांची उष्णता. कातडं आवळत गेलं आणि 'धुम्' चा 'टक्' झाला. केदारी चिडून जोरात मारायला लागला, लय सुटली. परशरामनं पेटी हळू केली, त्याला सावरून घ्यायला. "सावकाश, अण्णा, आम्ही हाय की," तो म्हणाला. कुणी हसलं असतं तर केदारी भांडला असता. कीव केली, ती त्याला सोसली नाही. तो उठला, मला घरी आणून खुंटीला अडकवलं आणि माझ्याकडे पाठ करून पडला. खळ पुसली नाही.

तिसऱ्या दिवशी भर दुपारी माझं कातडं चर्र करून फाटलं. केदारी मागावर होता. त्यानं ऐकलं. मान वर केली नाही.

संध्याकाळी चंद्राबाई परतली. अण्णा देवळात वाजवून आले, हे तिला वाटेतच कळलं होतं. ती आली ती थेट चुलीमागं गेली आणि एक लहान डबा काढला. त्यात गव्हाचं पीठ होतं. दर रेशनाला मूठभर बाजूला काढलेलं. तिनं कणीक मळली आणि गोळा घेऊन हसत माझ्यापाशी आली. "आता माझ्यासाठी," ती म्हणाली. मग तिनं मला फिरवलं.

चंद्राबाईला रागावलेलं मी अडतीस वर्षांत पाहिलं नव्हतं. त्या दिवशी पाहिलं.

"खळ लावलासा?" ती ओरडली. "आठ वरसं मी कणीक राखून ठिवली, आणि तुम्ही नुसता राग राखून ठिवलासा! मला ऐकायचं हुतं. मला! मंडळींचं काय घिऊन बसलासा?"

त्या कणकेची तिनं पोळी लाटली आणि केदारीच्या ताटात वाढली. ती त्याला गिळवेना. ताट बाजूला सारून तो मागाशी जाऊन बसला. मग मागाच्या आडव्या दांडीवर त्यानं दोन्ही पंजे मारायला सुरुवात केली. जुनी चाल. चंद्राबाई आली, शेजारी टेकली आणि दांडीवर हात पसरून ठेवला. कानांनी नाही, तळहातानं ऐकत होती.

थोड्या वेळानं ती म्हणाली, "घाई करताय तुम्ही. ठाय धरा."

केदारीनं ठाय धरली. माझी चाल एका लाकडाच्या दांडीवर चालली होती आणि मी फाटक्या तोंडानं वर लटकत होतो. माझा जळफळाट झाला. आणि का कोण जाणे, इतक्या वर्षांनी मला अंबाजीची खंजिरी आठवली.

मित्रांनो, मला नवं कातडं बसेल का, ठाऊक नाही. यल्लाप्पा आता नाही. पण तुमच्या घरात खुंटीला काही टांगलेलं असेल, तर त्याच्या नावानं उसासे टाकत बसू नका. ते आजच खाली काढा, पुसा. आणि त्याच्यासाठी घरात इतकी वर्षं कोण मूठभर पीठ राखून ठेवतं आहे ते विचारा. तिचे कान शाबूत आहेत तोवर विचारा.