डाव्या नडगीवरची सतरा वर्षं

मी डाव्या पायाचा शिनगार्ड बोलतोय. 'डाव्या' हे आधीच सांगून टाकलं, कारण सतरा वर्षं माझं सगळं दुखणं तिथेच होतं.

फुटबॉल खेळणारे लोक नडगीला मार बसू नये म्हणून मोज्याच्या आत वीतभर कडक कवच सरकवतात ना, तोच मी. एका कारखान्यात गरम साच्यातून बाहेर पडलो. माझ्याआधी क्षणभर उजवा बाहेर पडला आणि त्या एका क्षणाच्या जोरावर तो आजही थोरलेपण गाजवतो. आम्हाला विकत घेतलं एका आईनं. तिच्या एकोणीस वर्षांच्या मुलाला पहिल्यांदाच एका क्लबनं बोलावलं होतं. कलिंगड निवडावं तसं तिनं आम्हाला बोटांनी वाजवून पाहिलं आणि दुकानदाराला सांगितलं, "हेच द्या. भरीव वाटतायत."

तो मुलगा आमचा मालक. बचावपटू. म्हणजे गोल करणारा नव्हे, होऊ न देणारा. गोल करणाऱ्याला लोक खांद्यावर घेऊन नाचतात, पण न झालेला गोल कोणाच्या लक्षात राहतो? त्यात हा सतरा वर्षांत नऊ क्लब फिरला. नवा कोच आला की आपली माणसं आणतो, मग आम्ही गुंडाळायचा गाशा. एका गावी मैदान फरशीइतकं टणक, दुसऱ्या गावी ड्रेसिंग रूमचं छत इतकं गळायचं की सगळे बाकावर उभे राहून बूट चढवायचे. एका ठिकाणची भाषा तर त्याला ओ की ठो कळत नव्हती, तरी उंच चेंडू आला की हा आपल्याच भाषेत "सोड, माझाय!" म्हणून ओरडायचा आणि सगळे मुकाट्यानं बाजूला व्हायचे. खेळाडूंनी त्याचं नाव पाडलं होतं 'पाहुणा'.

मालक पडला उजव्या पायाचा. झडप घालायची ती उजव्यानं, डाव्यानं मागे नुसता टेकू द्यायचा. त्यामुळे थोरल्याच्या अंगावर बुटांच्या खिळ्यांचे चाळीसेक वण, आणि मी आपला नवरीसारखा गुळगुळीत. प्रत्येक सामन्यानंतर तो वण मोजून दाखवायचा, वर मला 'सावलीत वाढलेला' म्हणायचा. मी जळून खाक व्हायचो. एकदा तरी, फक्त एकदा, खरा फटका आपल्या वाट्याला यावा एवढंच मागत होतो.

किटबॅग घरात दाराशी असायची, म्हणून संसारही पाहिला. घर कुठलंही असो, मालकाच्या बायकोनं भिंतीत कधी खिळा ठोकू दिला नाही. "परत निघायचंच आहे, कशाला भोकं पाडा?" म्हणायची. त्याच्या आईचा फोटोसुद्धा जमिनीवर भिंतीला टेकून उभा असायचा. मुलीच्या सहा शाळा झाल्या होत्या. या नवव्या गावी मात्र दोन वर्षं टिकलो आणि तिला समोरच्याच घरातली एक मैत्रीण मिळाली. दोघी रोज सायकलवरून शाळेत जायच्या.

आणि नेमका आमचा क्लब गुणतक्त्याच्या तळाला पोहोचला. शेवटचा सामना निदान बरोबरीत सुटला तर क्लब याच गटात राहणार आणि मालकाचा करार दोन वर्षं वाढणार. हरलो तर पस्तिशीपुढच्या सगळ्यांना नारळ. त्या सकाळी मुलीनं स्वतः किटबॅगची चेन लावली आणि म्हणाली, "बाबा, या वेळी मला मैत्रिणीचा निरोप घ्यायचा नाहीये."

मालक उगीच चेन उघडून परत लावत बसला.

सामन्यात त्याला बाकावरच बसवलं होतं. छत्तिशीच्या पोटऱ्या सुजल्या म्हणून त्यानं मोजे खाली करून आम्हा दोघांना काढून ठेवलं. एक-एक अशी बरोबरी, सात मिनिटं उरलेली, आणि आमचा तरणा बचावपटू मांडी धरून खाली बसला. कोचनं हात केला. मालक नाडी आवळून धावत रेषेपाशी गेला, तर तिथल्या पंचांनी नडग्या चाचपून विचारलं, "गार्ड कुठायत?"

आम्ही बाकाखाली! मैदानात आमचे दहाच जण! किट सांभाळणारे काका, ज्यांनी तीस वर्षं डावं-उजवं कधी चुकवलं नाही, ते गुडघ्यांवर रांगत आले, आम्हाला उचललं, धावले आणि हाताला येईल तसं मोज्यात खुपसलं. मी ओरडतोय, थोरला ओरडतोय, ऐकतंय कोण? मी उजव्या पायावर होतो!

काय सांगू तुम्हाला, सतरा वर्षं मागून पाहिलेलं मैदान एकदम पुढ्यात आलं. चेंडू अंगावर, बूट अंगावर, मला तर वेडच लागायचं बाकी होतं. शेवटच्या मिनिटाला त्यांचा पुढचा खेळाडू गोलकीपरला चकवून निघाला. समोर रिकामं गोल. त्यानं पाय मागे नेला आणि मालकानं घसरत स्वतःला झोकून दिलं, उजवा पाय पुढे. खाड! मी वरपासून खालपर्यंत तडकलो. चेंडू आडव्या दांड्यावरून पलीकडे गेला आणि शिट्टी वाजली.

काका डोळे पुसत मालकाला म्हणाले, "तीस वर्षांत पहिली चूक केली बघ मी."

"काका, वेळेवर केलीत," मालक म्हणाला.

थोरला मात्र पुटपुटला, "अरे, इथे डाव्यावर तर त्याचं सगळं वजन अंगावर येतं. पाय किती थरथरतो. सतरा वर्षं हे तू पेललंस?" आपण काय करत होतो हे मलाही तोवर ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मालकाच्या बायकोनं शेजारून हातोडी मागून आणली. यांच्या घरात कधी नव्हतीच. पहिला खिळा सासूबाईंच्या फोटोला, दुसरा मला.

आता मी भिंतीवर असतो. थोरला नव्या जोडीदाराला घेऊन अजून मैदानात जातो, आल्यावर बातम्या सांगतो, वण मोजत नाही. तुम्ही सामना बघायला गेलात तर न झालेल्या एखाद्या गोलासाठी टाळी वाजवा, एवढंच मागणं.

आणि हो, रोज सकाळी खाली सायकलची घंटी वाजते. मुलगी दप्तर खांद्याला लावता लावता मला बोटानं सरळ करते आणि खिडकीतून ओरडते, "थांब गं, आले!"