भातावर चालणारं मशीन

मी एअर वॉकर बोलतोय. हे माझं कारखान्यातलं नाव. कोंढा गावात ते कोणी घेत नाही. इथे मी नुसता 'मशीन', व्यायामाचं. गावाबाहेरच्या मैदानाच्या कडेला, जिथून धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं, सुरू होतात, तिथे मी उभा आहे.

लोखंडी नळ्या कापून, जोडून, पिवळा-हिरवा रंग देऊन मला बनवलं. ट्रकमधून आणून माझे पाय सिमेंटमध्ये गाडले. दोन माणसं शेजारी शेजारी उभी राहतील अशा माझ्यावर दोन जागा आहेत. पायाखाली झुलत्या पट्ट्या, हाताला दांडे. पोटात मोटर नाही, वीज लागत नाही. जो चढतो, त्याने जे खाल्लं असेल त्याच्या जोरावर मी हलतो. कोंढ्यात म्हणजे बहुतेक भातावरच.

सुरुवातीला माझ्यापुढे रांग लागायची. फोटो निघायचे. मग नवलाई ओसरली आणि रोजचे म्हणावे असे दोघेच उरले, कृष्णराव आणि त्यांची बायको गोदावरीबाई. कृष्णरावांना शुगर निघाली होती. डॉक्टरांनी गोळी दिली आणि चालायला सांगितलं. त्यांना रात्रीच्या भाताची फोडणी खाऊ घालूनच गोदावरीबाई घराबाहेर पडत आणि स्वतः दुसऱ्या जागेवर चढत.

"अवो, हळू झुला ना! तुमाले कोणती एसटी पकडाची हाय?"

"तू तोंड कमी चालव, पाय चालव."

त्या हसायच्या आणि हसण्याने त्यांचा ताल चुकायचा. मला ते आवडायचं.

मागच्या हिवाळ्यात गोदावरीबाई आजारी पडल्या आणि गेल्या. बरेच दिवस कृष्णराव फिरकलेच नाहीत. मग एका सकाळी आले ते एकटेच. आपल्या जागेवर चढले, दांडे धरले आणि मुकाट झुलू लागले. त्यांच्या धक्क्याने शेजारची रिकामी जागाही उगाच थोडी हलायची. तिकडे ते बघत नसत.

मला माणसाचा चेहरा वाचता येत नाही, पण वजन कळतं. त्यांचं वजन उतरत चाललं होतं. मी सांगणार कोणाला?

मैदानावर हर्षा नावाची खेळाची शिक्षिका मुलींना पोलीस भरतीसाठी पळवायची. धावून झालं की त्या माझ्या दांड्यांना धरून पाय ताणत. त्यांच्यातली रेणू अंगाने हलकं राहायचं म्हणून जेवण टाळायची. एकदा ती चक्कर येऊन खाली बसली, तेव्हा हर्षा चिडली.

"आपण भात खातो ना, त्याची साखर होते. थोडी मांड्यांमध्ये साठते, थोडी लिव्हरमध्ये. मांडीतली साखर मांडीच वापरते. लिव्हर मात्र घरी धान साठवाच्या ढोलीसारखं हाय. रात्री आपण झोपतो तवा ते थोडी थोडी साखर रक्तात सोडत रायते. सावकाश चाललं तर चरबी बरंच काम भागवते. पण जोरात धावाचं तर साखरच लागते. ढोलीच भरली नाही, तर काढशील कुठून?"

कृष्णराव झुलता झुलता ऐकत होते. "बरोबर सांगून राहिली मॅडम," ते म्हणाले.

त्यानंतर थोड्याच दिवसांतली गोष्ट. कृष्णराव आले ते घाईने चढले आणि जोरजोरात झुलू लागले. हवा गार होती, तरी त्यांचे तळवे घामाने भिजले होते. दांड्यावरून हात घसरत होता. मग बोटं थरथरू लागली. ते रिकाम्या जागेकडे वळले.

"थांबली काहून? चाल ना. दमली का?"

मला थांबता आलं असतं तर मी तिथेच थांबलो असतो. पण मी मशीन. त्यांचा पाय हलत होता, तोवर मी हलत होतो.

हर्षाने ते बोलणं ऐकलं आणि ती धावत आली. मुलींनी त्यांना अलगद खाली उतरवून बसवलं.

"काकाजी, माझ्याकडे पाहा. मी कोण?"

"गोदा..."

"रेणू, टपरीवरून साखर आण! पळ!"

रेणू पळाली. हर्षाने साखर पाण्यात कालवून त्यांच्या ओठाला लावली. ते गिळताहेत हे पाहिल्यावर घोट घोट पाजली. माझ्या पायाशी ते बसले होते. हळूहळू त्यांची थरथर कमी झाली आणि ओळख पटू लागली.

"सकाळी काय खाल्लं होतं?"

"काही नाही."

"अन् रात्री?"

"पाणी पेलो."

"गोळी?"

"घेतली ना. गोळी नाही चुकवत मी."

हर्षाने कपाळाला हात लावला. "काकाजी, ढोली रिकामी, अन् वरून ही गोळी रक्तातली साखर आणखी खाली आणते. मग चालाल कायच्या भरोशावर?"

कृष्णरावांनी रिकाम्या जागेकडे पाहिलं. "भात मांडतो वो, पोरी. शिजूनही जाते. पण एकट्यानं ताट पुढ्यात घेतलं का घास उतरत नाही."

हर्षा त्यांच्याजवळ बसली. नंतर तिने डबा आणवून त्यांना समोर बसून खाऊ घातलं आणि दवाखान्यात नेलं. त्यांच्या मुलाला, वीरेंद्रला, पुण्याला फोनही तिनेच केला. तो आला आणि वडिलांना सोबत घेऊन गेला.

परवा हर्षा माझ्या दांड्याला टेकून फोनवर बोलत होती. फोनचा आवाज मोठा होता.

"काकाजी, जेवले का?"

"जेवलो. डिंपल बसते माह्यासंग जेवाले. सूनबाई चांगली हाय." मग ते म्हणाले, "इथल्या जिममध्ये चालाचं मशीन लाइटवर चालते. मी थांबलो तरी पट्टा थांबत नाही. बाजूच्या माणसाच्या कानात तार असते. बोलाव कोणाशी?"

"या ना मग कधी इकडे."

"पाहू," ते म्हणाले. त्या 'पाहू'चा अर्थ आम्हा दोघांनाही कळला.

रेणू भरतीत निवडली गेली. बाकीच्या मुली आता लाखांदूरच्या मैदानावर जातात, हर्षाही तिकडेच असते. माझ्या सांध्यांना गंज चढलाय. दुपारी कोणीतरी माझ्या खांबाला शेळी बांधून जातं. तिचीच काय ती सोबत. बांध्यांतलं धान पिवळं पडत आलंय आणि वारा आला की माझ्या दोन्ही पट्ट्या किरकिरतात. तेवढाच माझा आवाज.

तुमच्यापैकी कोणी कधी इकडून गेलात, तर या माझ्यावर चढायला. अनोळखी असलात तरी या. तेलाशिवायही मी कसाबसा हलेन. पण निघण्याआधी कोणाच्या तरी सोबत बसून दोन घास खा. उपाशी येऊ नका.