उठून बस, मंग कूस बदल

सोनिकाच्या उजव्या पायात घुंगरू बांधलेलं होतं, आणि ते काही हौसेनं नव्हे. पोळ्याला बैलाच्या गळ्यात घालतात त्या माळेतलं एक पितळी घुंगरू, लाल नाड्यात ओवून घोट्यावर घट्ट आवळलेलं. सासूनं, जिजाबाईनं, ते सावनेरच्या घरून पिशवीत घालून आणलं होतं. बैलसुद्धा ते सणासुदीलाच घालतो हो. सोनिकाला सातवा महिना होता आणि तिला ते रोज घालावं लागायचं, झोपायच्या वेळी, दुपारी आणि रात्री.

आता कशासाठी म्हणाल, तर गरोदर बाईनं पडल्या पडल्या कूस बदलली की पोटातल्या लेकराच्या गळ्याला नाळेचा फास बसतो, असा जिजाबाईचा पक्का समज. म्हणून बाईनं आधी उठून बसायचं, मग दुसऱ्या कुशीवर व्हायचं. रात्रीतून दहादा कूस बदलायची तर दहादा उठून बसायचं, एवढं पोट घेऊन! आणि झोपेत विसरून फिरलीच तर घुंगरू वाजणार. शहराला लागून असलेल्या वाडीतल्या सोनिकाच्या दोन भाड्याच्या खोल्यांत खिडकीचा कूलर असा घरघरायचा की दारावर कोणी थापा मारल्या तरी ऐकू येऊ नये. बाहेर गोदामांवरच्या ट्रकांचे हॉर्न वेगळेच. पण ते एवढंसं घुंगरू जिजाबाईला बरोबर ऐकू यायचं.

"उठून बस वं! मंग कूस बदल!"

त्या सोमवारी दुपारीही तेच झालं. मे महिना, बाहेर पाय ठेवायची सोय नाही. तासभर खटपट करून सोनिकाला कशीबशी एक जागा सापडली होती. डावी कूस, गुडघ्यांच्या मध्ये उशी, पोटाखाली जुन्या वाकळेची घडी, पाठीशी भिंत. कंबर शांत झाली, पोटातलं पोट्टं शांत झालं, डोळा लागला. पंधरा मिनिटं झाली असतील नसतील, मांडी अवघडली, ती झोपेतच फिरली आणि घुंगरू वाजलं.

"कितीक खेपा सांगू तुले?" खाली गादीवरून जिजाबाई कडाडली. "एक लेकरू घालवलं, मन भरलं नाई का तुयं?"

सोनिका उठून बसली. तळपायाची आग मस्तकात गेली होती, पण उलटं बोलणार कोणत्या तोंडानं? दोन वर्षांपूर्वी आठव्या महिन्यात तिचं पहिलं लेकरू पोटातच गेलं होतं. मुलगा होता. दवाखान्याच्या व्हरांड्यात जिजाबाई म्हणाली होती, "झोपीत फिरली असन ही. नाळ गुंडाळली असन." सोनिकाचा नवरा, रजत, तिथेच उभा होता. तो काही बोलला नाही. आणि सोनिकाला आठवत होतं की आपण झोपेत फिरलो होतो. आता झोपेत कोण फिरत नाही? पण तिच्या मनानं धरलं ते धरलंच, की आपणच आपल्या लेकराला मारलं. म्हणून तर जिजाबाई रोज घुंगरू घेऊन "पाय पुढं कर" म्हणायची आणि ही वेडी खरंच पाय पुढं करायची. चीड येते ती याचीच.

एक गोष्ट मात्र सोनिकाच्या लक्षात आली होती. जिजाबाई स्वतःही कूस बदलायच्या आधी उठून बसायची. साठी उलटलेली बाई, अंधारात उठायची, जराशी बसायची, मग दुसऱ्या अंगावर पडायची. गुडघे धरत असतील, असं म्हणून सोनिकानं ते सोडून दिलं होतं.

मंगळवारी सकाळी तपासणी होती. रजत एका ट्रान्सपोर्टच्या गोदामात सुपरवायझर. त्यानं उपकार केल्यासारखी दोन तासांची सुट्टी काढली. डॉक्टरीणबाईंनी बीपी घेतलं, पायाची सूज दाबून पाहिली आणि सहज विचारलं, "झोप लागते ना?"

सोनिकाला रडूच फुटलं. "कशी लागन मॅडम? दर खेपेले उठून बसा लागते. मागच्या वेळी मी झोपीत फिरली अन् नाळ..."

"थांबा. कसली नाळ?" डॉक्टरीणबाईंनी जुनी फाइल पुढे ओढली. "तुमच्या बाळाच्या गळ्याभोवती नाळ नव्हतीच. आणि नाळ गुंडाळली जाते ती बाळाच्या हालचालीनं, आईनं कूस बदलल्यानं नाही. तुमचं बीपी फार वाढलं होतं. दर आठवड्याला तपासायला या म्हटलं होतं, तर तीन आठवडे कोणी फिरकलंच नाही. हे सगळं मी यांना समोर बसवून सांगितलंय." त्यांनी पेन रजतकडे रोखला. "कुशीवर झोपत जा. डावी असली तर बरं, उताणं तेवढं नको. जाग आल्यावर उताण्या दिसलात तर परत कुशीवर व्हा. बाकी खुशाल फिरा."

रजत मोबाइलमध्ये पाहत होता. मोबाइल बंद होता.

तीन आठवडे! सोनिकाला ते तीन आठवडे दिवसा-दिवसानं आठवले. बोटातली अंगठी निघत नव्हती, डोकं ठणकायचं, डोळ्यांपुढे काजवे चमकायचे. ती म्हणायची, दवाखान्यात जाऊन येऊ. हा म्हणायचा, गाडी लोड होऊन राहिली, पुढच्या हप्त्यात पाहू, गर्मीनं होते तसं. पुढचा हप्ता आला, त्याच्या पुढचा आला आणि लेकरू गेलं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. आणि हा चोर दोन वर्षं मूग गिळून त्याच घरात, कूलरच्या पुढे, पाय ताणून झोपत होता. वाटेल त्या कुशीवर!

परतताना ऑटोत तो हळूच म्हणाला, "आईले नको सांगू. तिचं मन दुखन."

"अन् माह्यं?" सोनिका एवढ्या जोरात ओरडली की ऑटोवाल्यानं मागे वळून पाहिलं. लग्नापासून ती नवऱ्याला 'तुमी' म्हणत आली होती, ते तिथंच रस्त्यावर पडलं. "तू मानूस आहेस का कोन? दोन वर्ष मी स्वतःले खुनी समजून राहिली अन् तू पाहून राहिला?"

"तसं नाई, सोनिका, मी..."

"गप बस. गप बसता येते ना तुले छान? बस मंग."

घरी येईपर्यंत तिनं त्याच्याकडे पाहिलं नाही.

जिजाबाईचा स्वयंपाक तयार होता. रजत हात धुऊन ताटावर बसला. सोनिकानं दोन घास खाल्ले न खाल्ले आणि ती खाटेवर जाऊन टेकली. जिजाबाईनं खिळ्यावरचं घुंगरू काढलं आणि रोजच्यासारखी म्हणाली, "पाय पुढं कर."

"नाई करत."

"काहून वं?"

मग सोनिकानं सांगितलं. कूलरपेक्षा मोठ्या आवाजात, शेजारच्या खोल्यांत गेलं तर जाऊ दे, अशा आवाजात सगळं सांगितलं: नाळ नव्हती, बीपी होतं, तीन आठवडे कोणी नेलं नाही, आणि तुमच्या लेकाला हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

जिजाबाईनं आधी हात झटकला. "डॉक्टर लोकं काई बी सांगते." पण तिचं लक्ष लेकाकडे गेलं. "रजत, खरं हाय का हे?"

रजत भात कालवत राहिला.

"बोल गा! तोंड शिवलं का तुयं?"

"सांगितलं होतं त्यायनं," तो ताटाकडे पाहत म्हणाला. "पन तू नाळ नाळ म्हनून राहिली होती. मले वाटलं, लेकरू तं गेलंच, आता काय फरक पडते."

काय फरक पडते! ऐकलं? सोनिकाला वाटलं, उठावं आणि ते ताट वरणासकट त्याच्या डोक्यावर उपडं करावं. ती उठलीही होती. पण जिजाबाई मटकन खाली गादीवर बसली, आणि तिच्याकडे पाहून सोनिका थांबली.

"याच्या आधी एक पोट्टी होती मले," जिजाबाई म्हणाली. "पुऱ्या दिवसाची. निळी निघाली. सासू म्हने, तू झोपीत फिरली, तूच फास लावला तिले. चौतीस वर्ष झाले." तिनं घुंगरू मुठीत आवळलं. "तवापासून मी एक खेप बी तशी फिरली नाई."

अंधारातलं ते उठणं आणि बसणं सोनिकाला आठवलं. म्हणजे गुडघ्यांचं दुखणं नव्हतंच ते. तिचा राग गेला नाही, का जावा? या बाईनं तिची दोन वर्षं नासवली होती. पण त्या रागात आता एका न पाहिलेल्या आजेसासूचीही भर पडली.

"डॉक्टरीण काय म्हनली?" जिजाबाईनं विचारलं. "फिरल्यानं काईच होत नाई?"

"काईच नाई."

"कोनाचंच?"

"कोनाचंच नाई, आई."

जिजाबाई गादीवर आडवी झाली, डाव्या कुशीवर. थोडा वेळ तशीच पडून राहिली. मग न उठता, न बसता, सरळ उजव्या कुशीवर फिरली. मग परत डाव्या. परत उजव्या. गादी सरकली, पदर गुंडाळला, बांगड्या वाजल्या, तरी ती फिरत राहिली, आणि फिरता फिरता शिव्या देत होती. सासूला दिल्या, देवाला दिल्या, स्वतःलाही दिल्या. चौतीस वर्षांच्या सगळ्या रात्री तिला त्या एका दुपारी काढायच्या होत्या.

शेवटी धापा टाकत ती उठून बसली. केस सुटले होते. "माही सासू मेली," ती म्हणाली, "नाई तं आज तिच्या पायात बांधलं असतं."

सोनिकानं गुडघ्यांमध्ये उशी घेतली, पोटाखाली वाकळ सारली आणि डाव्या कुशीवर पडली. तिथून तिला दोघंही दिसत होते.

"जो जिता आहे त्याच्या पायात बांधा," ती म्हणाली.

जिजाबाईनं लेकाकडे पाहिलं. तो उष्ट्या हातानं उठायच्या बेतात होता.

"बस तिथंच," जिजाबाई म्हणाली. "पाय पुढं कर."

रजतनं पाय पुढं केला.