पथारीवर वाळत घातलेलं खोगीर

मी एक खोगीर. नाव ऐकून गालातल्या गालात हसू नका. कुठे बिनकामाच्या माणसांची गर्दी झाली की तुम्ही 'खोगीरभरती' म्हणून मोकळे होता, तेव्हा मला किती लागतं याचा विचार कोणी केलाय का? मी काही भरती नाही. कमावलेल्या चामड्याचा, आत लोकरीचा जाड नमदा भरलेला, पितळी रिकिबींचा असा मी खानदानी माल आहे. आज मात्र भांडायला नाही, उपकार मानायला तोंड उघडलंय.

सारंगखेड्याच्या यात्रेत पाल ठोकून बसलेल्या एका म्हाताऱ्या कारागिराने मला शिवलं. तो घोड्याची पाठ बघितल्याशिवाय सुई हातात घेत नसे. लोटनआबा पाटलांनी आपली घोडी काजळी त्याच्यापुढे उभी केली. त्याने तिच्या पाठीवरून दोन वेळा हात फिरवला आणि चार दिवसांनी मी तयार झालो. तेव्हा मी तापीकाठच्या त्यांच्या गावी आलो, तो आजतागायत तिथेच आहे.

आबांकडे मिरचीचं मोठं शेत आणि शेताला लागूनच मिरची वाळवायची पथारी. पण त्यांचा जीव घोडीत. गावातल्या पोरांना घोड्यावर बसायला शिकवायचं आणि यात्रेच्या आधी त्यांची स्पर्धा घ्यायची, हा त्यांचा वर्षानुवर्षांचा नाद. घोडी एकच आणि खोगीरही एकच. एक पोर उतरलं की दुसरं चढायचं. चढण्याआधी प्रत्येक पोर मला हात लावून तो हात कपाळाला लावायचं. मला कोणी देव समजत नव्हतं हे कळायचं मला, तरी बरं वाटायचं.

मग कोरोनाचं ते वर्ष आलं. दत्तजयंती आली आणि गेली, यात्रा भरलीच नाही. आबांना दम्याचा त्रास, म्हणून त्यांच्या बायकोने, शोभाबाईंनी, त्यांना शेतातल्या घराच्या खिडकीमागे बसवून ठेवलं होतं. पोरं घरात बसून कंटाळली होती. काजळी ठाणावर उभी राहून सुस्तावली होती. माझ्यावर तर बोटभर धूळ.

शाळेतले खेळाचे भूपेश सर एक दिवस खिडकीपासून लांब उभे राहिले आणि म्हणाले की स्पर्धा घेऊ, पण नेमाने घेऊ. आबांचा चेहरा उजळला. ग्रामपंचायतीत सरांनी लिहून दिलं की एकाला जरी आजाराचं लक्षण दिसलं तरी स्पर्धा तिथल्या तिथे बंद करीन. आरोग्य केंद्रातल्या ताईंचा सल्ला घेतला. घोडीला प्रत्येक स्वारानंतर आंघोळ घालता येईल, पण चामड्याला साबण चालत नाही, तेव्हा माझ्यावरून अडलं. शेवटी ठरलं की एका पोराची फेरी झाली की मला तीन दिवस उन्हात ठेवायचं, कोणी हात लावायचा नाही, आणि चौथ्या दिवशी पुढच्या पोराने बसायचं.

म्हणजे सहा पोरांची स्पर्धा तीन आठवडे चालणार. एवढी लांबलेली स्पर्धा मी तरी पाहिली नव्हती. माणसांना चौदा दिवस कोंडत होते, मला तीनच दिवस, त्यातल्या त्यात माझं बरं.

सरांनी शेतात फक्कीने मोठं रिंगण आखलं. बघायला येणाऱ्या घरांनी आपापल्या ट्रॉलीतच बसायचं, खाली उतरायचं नाही. ट्रॉल्या एकमेकींपासून पन्नास पावलांवर. मास्क लावून शिटी फुंकता येईना म्हणून सरांनी खिशातला लाल रुमाल काढला. तो वर गेला की थांबायचं. स्वाराने फेरीच्या आधी चार दिवस घरातच राहायचं आणि रोज ताप मोजायचा. परीक्षक आबा, खिडकीतून. पहिली फेरी चालत, दुसरी दुडक्या चालीत, तिसरी रेवाल, म्हणजे स्वाराच्या हातातल्या वाटीतलं पाणी हलणार नाही अशी चाल.

सहा नावांत एक नाव रविनाचं होतं. ती धडगावकडच्या डोंगरातली. आई तुळशीबाई दरवर्षी बायकांच्या टोळीबरोबर आमच्या पथारीवर मिरचीचे देठ खुडायला येते. आश्रमशाळा बंद, म्हणून त्या वर्षी रविनाही आली होती. कालव्यापलीकडे त्यांची पालं होती. ती येता-जाता काजळीला पाणी पाजायची, आणि काजळी, जी माझ्याशिवाय कोणाचं ऐकत नाही असा माझा समज होता, तिच्या मागे दोर न बांधता चालायची. तिच्या बापाचं, वीरसिंगचं, ओझ्याचं तट्टू होतं. त्याच्या उघड्या पाठीवर ती लहानाची मोठी झाली. खोगिरावर ती कधीच बसली नव्हती. आबांनी खिडकीतून हे सगळं बघितलं आणि पाचवं नाव तिचं घालायला लावलं. एक-दोन ट्रॉल्यांत कुजबुज झाली. मजुराची पोर, हे कोणी उघड बोललं नाही, पण मला माणसांच्या बसण्यावरूनही बरंच कळतं.

चार पोरांच्या फेऱ्या सुरळीत झाल्या. मी निंबाच्या फांदीवर तीन-तीन दिवस लटकलो, ऊन खाल्लं, पुन्हा पाठीवर चढलो. घरात बंद असलेली पोरं घोडीवर बसली की मास्कवर फक्त डोळे दिसायचे, पण त्या डोळ्यांनीसुद्धा ती किती हसतात ते समजायचं. कोणाला ताप नाही, खोकला नाही. भूपेश सरांच्या कपाळावरची आठी जरा सैल झाली.

आणि मग शोभाबाईंच्या मायेने घात केला.

निंबाखाली दुपारनंतर सावली येते, हे त्यांच्या लक्षात आलं. आपल्या घरच्या खोगिरामुळे गावाच्या पोराला काही झालं तर, या विचाराने त्या बेचैन झाल्या. दिवसभर चटका बसेल अशी जागा एकच, पथारी. शिवाय एवढ्या तिखटापुढे कसला रोग टिकतोय, असंही त्यांना वाटलं. त्यांनी मला काठीला अडकवून नेलं आणि लालभडक मिरच्यांच्या मधोमध उताणं ठेवलं, नमदा वर करून.

तीन दिवस मी त्या लाल समुद्रात पडून होतो. बायका फावड्यांनी मिरची उलटवायच्या, बियांसकट भुकटी उडायची आणि माझ्या लोकरीत जाऊन बसायची. तुळशीबाईने मला पाहिलं होतं. ती क्षणभर थांबलीही. पण मालकिणीने स्वतः ठेवलंय, त्यावर आपण काय बोलायचं, म्हणून ती खाली मान घालून देठ खुडायला लागली. न्यायच्या आधी झटकून घेतील, असंही वाटलं असेल तिला. कोणी झटकलं नाही. तीन दिवस हात लावायचा नाही हा नेम सगळ्यांनी इतका मनापासून पाळला, की चौथ्या दिवशीही मला खालून कोणी बघितलं नाही.

रविना मला धरून वर चढली. पाय रिकिबीत कसा घालायचा हे ती सरांकडून लांबूनच शिकली होती. पहिली फेरी छान झाली. दुसरीला काजळीला घाम आला आणि माझा नमदा ओला झाला. पुढचं सांगायला मला लाज वाटते. काजळीने कान मागे पाडले, पाठ आखडली, मागचे पाय झाडले. रविना पडली नाही, तिने मांड्या आवळून तोल धरला. पण मला घट्ट धरलेला हात तिने मास्क सारखा करायला नाकाशी नेला आणि तिला शिंक आली. एक, दोन, तीन, थांबेचनात. डोळ्यांतून पाणी, वर खोकला.

त्या काळात शिंकेला माणसं सापापेक्षा जास्त भीत होती.

"पोर शिंकी ऱ्हायनी, बंद करा हाई," एका ट्रॉलीतून आवाज आला. ट्रॅक्टर सुरू झाले. कोणी म्हणालं की पथारीवाल्यांनीच आणला रोग, सगळ्या बायकांना शाळेच्या खोलीत कोंडा. भूपेश सरांचा लाल रुमाल वर गेला. लिहून दिलेला शब्द होता तो, आणि खिडकीमागे दम्याचा म्हातारा बसलेला होता.

पंधरा बायकांचं काम, पोरीचं नाव, काजळीची पाठ, सगळं माझ्या पोटातल्या भुकटीमुळे चाललं होतं आणि ते ठाऊक असलेला मी एकटाच. मला तोंड नव्हतं. त्या दिवसाइतका मी माझ्या खानदानी चामड्याचा कधी राग केला नाही.

रविनाने मात्र कोणाकडे बघितलं नाही. ती उतरली, काजळीच्या पोटाखालून आवळलेला माझा तंग सोडला आणि मला ढकलून मातीत पाडलं. काजळीच्या पाठीवर लाल चट्टे उठले होते. सर लांबूनच पाण्याची बादली सरकवायला लागले, तेव्हा ती आश्रमशाळेत शिकलेल्या मराठीत म्हणाली, "पाणी नको सर. ताक द्या. पाठ जळतेय तिची."

ओट्यावर उभ्या शोभाबाईंनी तो शब्द ऐकला. ताप आलेलं माणूस ताक मागत नाही. ताक मागतात ते मिरची लागलेले हात. मिरचीच्या घरात जन्म गेलेल्या बाईला ते कोणी सांगायला लागतं का? त्यांनी मातीत उलट्या पडलेल्या माझ्याकडे बघितलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

त्या गप्प बसल्या असत्या तर कोणाला कळलं नसतं. पोरीला बोल लागला असता, टोळी कोंडली गेली असती, आणि पाटलांच्या घरची चूक मिरचीबरोबर पोत्यात भरली गेली असती. पण त्या ओटा उतरल्या, तोंडाला पदर बांधला आणि रिंगणाच्या कडेला येऊन सगळ्या ट्रॉल्यांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलल्या.

"ते खोगीर मीच वाळाले टाकेल व्हतं, मिरच्यास्मा. पोरले काहीच व्हयेल नही. चूक मन्ही शे."

सुरू झालेले ट्रॅक्टर एकेक करून बंद पडले. शोभाबाईंनी ताकाचं मडकं आणलं, फक्कीच्या रेघेवर ठेवलं आणि नेमाप्रमाणे मागे सरकल्या. रविनाने आधी काजळीची पाठ भिजवली. उरलेल्या ताकात स्वतःचे हात बुडवले. तोपर्यंत तिचेही तळवे लाल झाले होते, पण घोडीचं होईपर्यंत तिने ते कोणाला दाखवले नव्हते.

सरांनी तरी खात्री केली. चार दिवस तिचा ताप मोजला, तपासणीही करवली. काही निघालं नाही. आबांनी खिडकीतून निकाल दिला, "खोगीर ऱ्हाऊ द्या. घोडीनी पाठ बरी व्हवू द्या, मंग पोरले उघड्या पाठवर बसू द्या."

आठव्या दिवशी रविना माझ्याशिवाय काजळीवर बसली. मी कुंपणावर पडून बघत होतो. खरं सांगतो, आधी मत्सर वाटला. माझ्याविना स्वारी होते, हे मी कधी मानलंच नव्हतं. पण तिसऱ्या फेरीत त्या दोघी रेवाल चालीत माझ्यापुढून गेल्या, तेव्हा त्या पोरीच्या हातातल्या वाटीतलं पाणी हललं नाही, आणि काजळीचे कान पुढे होते. माझ्याखाली ती इतकी मोकळी कधी चालली होती का, ते मला आठवेना. खिडकीमागे आबा मोठमोठ्याने टाळ्या वाजवत होते, आणि शोभाबाई त्यांना दम लागेल म्हणून ओरडत होत्या.

सहावं नाव आबांच्या नातवाचं, ललितचं. त्यालाही उघड्या पाठीवर बसावं लागलं. दुडक्या चालीतच तो हळूच घसरला आणि फक्कीत बसला. त्या दिवशी सगळ्या ट्रॉल्या एकदम हसल्या.

पहिला नंबर रविनाचा आला. दरवर्षी जिंकणाऱ्याचा फेटा आबांच्या हाताने बांधला जायचा. त्या वर्षी तो कुंपणाच्या खांबावर ठेवला आणि तुळशीबाईने लेकीला बांधला. वाकडा बांधला. कोणी सुधारायला गेलं नाही. तीन आठवड्यांची स्पर्धा महिनाभर चालली, पण त्या महिन्यात आमच्या रिंगणातून एकही आजार घरी गेला नाही. त्याबद्दल मी भूपेश सरांच्या त्या रटाळ नेमांचा जन्मभर ऋणी आहे.

माझा नमदा काही केल्या साफ होईना. ताकात बुडवला, तेल लावलं, तिखट जाईना. आबा मला माळ्यावर टाकायला निघाले होते. रविनाने मला मागून घेतलं, लोकर उसवून काढली आणि आत तुळशीबाईच्या जुन्या लुगड्याच्या घड्या भरून मला पुन्हा शिवलं. तिचे टाके त्या कारागिरासारखे एकसारखे नाहीत. पण काजळीची पाठ सांगते की ते मऊ आहेत.

आता यात्रा पुन्हा भरते. काजळी म्हातारी झालीय, तिची शिंगरी तयार होतेय. रविना डोंगरातून दर हिवाळ्यात येते आणि पोरांना शिकवते, आधी महिनाभर उघड्या पाठीवर. त्यामुळे मी बराच वेळ खुंटीवर रिकामा असतो. कुरकुर नाही माझी. एका मातीत ढकललेल्या खोगिराला एवढं मिळालं, ते पुष्कळ.

आणि पोराला माझ्यावर बसवायची वेळ आली की सगळे थांबतात. शोभाबाईंचे गुडघे आता साथ देत नाहीत. भिंतीला धरत, सावकाश, त्या ओट्यावरून उतरतात. मला उताणं करतात, लुगड्याच्या घड्यांवरून तळहात शेवटपर्यंत फिरवतात आणि तो तळहात जिभेला लावतात. ललित म्हणतो, आजी, आता कशाला? त्या चव घेतात, मान हलवतात, आणि मगच मला घोडीच्या पाठीवर टाकू देतात.