ऐंशी ग्रॅम

पलंग आणि चाकाची खुर्ची यांच्यात जेमतेम दीड हाताचं अंतर होतं, आणि त्या दीड हातातच दोघं पडले. तिने सरांच्या काखांखालून हात घालून त्यांना उभं केलं, वळवण्यासाठी एक पाऊल मागे घेतलं, आणि तिचा गुडघा वाकला तो वाकलाच. खाली ती, तिच्या मांडीवर सर. खुर्ची मागे घरंगळत जाऊन कपाटाला आपटली.

"लागलं का?" तिने विचारलं.

"मला नाही. तुला?"

"नाही."

तिचं कोपर सोलवटलं होतं, पण ते सरांच्या पाठीमागे होतं. त्यांना दिसण्यासारखं नव्हतं. उठायची घाई करून उपयोग नव्हता. शेजारचे गृहस्थ दुपारी जेवायला घरी येत, आणि त्यांना यायला अजून पाऊण तास होता.

सर छताकडे बघत राहिले. तीस वर्षं त्यांनी व्यायामशाळेत लोकांना वजन उचलायला शिकवलं होतं. कोपऱ्यावरचा दुकानदारही त्यांना सर म्हणे, आणि चारचौघांत बायको असून तीही तसंच म्हणे. वर्षापूर्वी त्यांच्या उजव्या हातातून कप निसटायला लागला. मग जिना जड जायला लागला. डॉक्टरांनी आजाराचं लांबलचक नाव सांगितलं, आणि दोघांचे चेहरे बघून साध्या भाषेत समजावलं, की स्नायूंना वरून मिळणारे निरोप एकेक करून बंद होत जाणार. सरांनी एवढंच विचारलं होतं, "व्यायामानं काही?" डॉक्टरांनी नकारार्थी मान हलवली होती.

"तू पाठीनं उचलतेस," सर म्हणाले. त्यांचे शब्द आता एकमेकांना चिकटून येत. "पायांनी उचलायचं असतं."

"इथं पडल्या पडल्या शिकवणी घेणार आहात का?"

"वेळ आहेच की. तुझं वजन किती?"

"मला काय माहीत."

"मला माहीत आहे. एक्कावन्न. माझं चौऱ्याहत्तर. एक्कावन्ननं चौऱ्याहत्तर उचलायचं, तर नुसत्या मायेनं भागत नाही. खावं लागतं."

तिला हसू आलं. हसताना कोपर झोंबलं, तरी ती हसत राहिली.

शेजाऱ्यांनी येऊन सरांना खुर्चीत बसवलं, आणि ते गेल्याबरोबर सरांनी तिला वही घेऊन समोर बसायला लावलं. त्यांना पेन धरवत नव्हतं. ते सांगत गेले आणि ती लिहीत गेली. सकाळी दोन अंडी आणि पेलाभर दूध, वीस ग्रॅम. अकराला मूठभर शेंगदाणे, सात. दुपारी तळहाताएवढा कोंबडीचा तुकडा, सत्तावीस. संध्याकाळी वाटीभर दही, पुन्हा सात. रात्री वाटीभर उकडलेले हरभरे आणि आणखी एक अंडं, अठरा. रोज ऐंशी ग्रॅम प्रथिनं पोटात गेली पाहिजेत, असा सरांचा हिशेब होता.

"आत्ता किती जात असतील?"

"तीस गेली तरी खूप. चहात पाव बुडवून खाणारं माणूस उभं राहतं हेच नवल."

तिने बेरीज केली. "एकोणऐंशी होतात. एक कमी पडतो."

"दुधाच्या पेल्यात तळाशी घोटभर सोडतेस ना, ते पी."

चोवीस वर्षांच्या संसारात त्यांनी ही गोष्ट कधी बोलून दाखवली नव्हती. तिने वहीतून मान वर केली नाही.

अंड्यांशी तिचं जन्माचं वाकडं होतं. पहिले आठ दिवस ती नाक मुरडून, पाण्याच्या घोटाबरोबर तुकडे गिळायची. सर समोर बसलेले असायचे. त्यांची स्वतःची न्याहारी एव्हाना कुस्करून, मऊ करून द्यावी लागत होती, आणि ती वाडग्यात निवत असायची. तिने चमचा पुढे केला की ते ओठ मिटून घेत.

"आधी तू."

"गार होतंय तुमचं."

"होऊ दे. पिवळं बाजूला सारू नकोस. मी बघतोय."

भेटायला येणारे लोक दारातूनच विचारत, सरांनी काही खाल्लं का. सर म्हणत, "मी खाल्लं. हिला विचारा." लोकांना ती थट्टा वाटे.

ती रफूचं काम करायची. कपडे धुण्याच्या दोन दुकानांतून तिच्याकडे कपडे येत. सिगारेटने जळलेली बाही असायची, कसरीने खाल्लेला कोट, खिळ्याला अडकून फाटलेली रेशमी ओढणी. भोक कुठे होतं हे खुद्द गिऱ्हाइकालाही सापडू नये, एवढंच तिचं कसब. खिडकीपाशी बसून ती तासन्‌तास त्याच कापडातला धागा उसवून त्याच कापडात विणत असे. सुईपेक्षा जड काही उचलायची तिच्या हातांना सवय नव्हती.

आठवड्यातले तीन दिवस दुपारी नणंद येऊन सरांपाशी बसू लागली. "या वयात आमच्या वहिनी पहिलवान होणार," असं ती म्हणे, पण वेळेवर येई. सरांना नणंदेवर सोपवून त्या तीन दुपारी ती व्यायामशाळेत जायची. सरांच्या मागे व्यायामशाळा आता त्यांची एक जुनी विद्यार्थिनी सांभाळत होती. उंचीने पाच फुटांच्याही आत, आणि स्वतःच्या वजनाच्या दुप्पट उचलणारी, म्हणून सरांनीच तिला मुंगी नाव ठेवलेलं. आता तिच्या हाताखाली पन्नास-साठ जण शिकत होते, तरी नाव मुंगीच राहिलं होतं.

"काकू, आज नुसता बार," मुंगी पहिल्या दिवशी म्हणाली.

"याला वजनं नाही लावायची?"

"बारच वीस किलोचा आहे."

तो वीस किलोचा बार तिने दोन्ही हातांनी धरला, आणि तो उचलताना तिच्या घशातून जो आवाज निघाला त्याची तिलाच लाज वाटली. आजूबाजूच्या कुणी वळून पाहिलं नाही. तिथे सगळेच तसले आवाज काढत होते.

दुसऱ्या महिन्यात ती तीसवर आली, तिसऱ्यात पस्तीसवर. तळहातांवर बोटांच्या मुळाशी घट्टे पडले. एके दिवशी निळ्या रेशमी ओढणीवर काम करताना धागा घट्ट्यात अडकून तुटला. पुन्हा ओवला, पुन्हा तुटला. तिने सरांना तळहात दाखवला. त्यांना तो हातात धरता येईना, म्हणून तिने आपणच तो त्यांच्या मांडीवर उताणा ठेवला.

सरांनी बराच वेळ त्याच्याकडे पाहिलं. शिकायला येणाऱ्यांच्या हातांवर पहिला घट्टा पडला की ते असंच पाहत असत.

"कड घासून घे रोज," ते म्हणाले. "गाठ राहू दे."

तिला भूक लागायला लागली. खरीखुरी, पोटात खड्डा पाडणारी भूक. अंड्यांचा वास जाणवेनासा झाला. जिना चढताना ती कठड्याला हात लावीनाशी झाली, आणि आरशात एकदा केस बांधताना तिला आपल्या दंडावर एक उंचवटा दिसला. तिने दार लोटून घेतलं आणि हात पुन्हा वर करून पाहिला. नवरा असा खचत चाललेला असताना आपल्याला बरं वाटतंय, याबद्दल तिला अपराधी वाटलं. पण बरं वाटत होतं हे खरं.

सरांना वाडगाभर सूप संपवायला आता अर्धा तास लागे. मध्येच ठसका लागे. ठसका थांबला की ते मान फिरवत, आणि तिने कितीही मनधरणी केली तरी पुढचा चमचा घेत नसत. वजनकाटा पलंगाखाली गेला होता. तीस वर्षं रोज सकाळी दात घासायच्या आधी ते त्याच्यावर उभे राहत आले होते, पण आता त्यांनी काट्याचं नावही काढलं नाही. त्यांचे सदरे ढगळ दिसायला लागले तसे तिने ते बाजूंनी आत घेतले. दोन महिन्यांनी तेच सदरे तिने पुन्हा उसवले आणि आणखी आत घेतले. टाका सरळ जातोय ना, एवढंच ती बघत होती.

पाचव्या महिन्यातल्या एका सकाळी तिने पलंगाच्या कडेला बसलेल्या सरांना मिठीत घेतलं, पाय रोवले आणि उभी राहिली. सर तिच्याबरोबर अलगद वर आले. ती वळली आणि तिने त्यांना खुर्चीत ठेवलं. तिचा श्वासही वाढला नव्हता.

"बघितलंत?" ती म्हणाली.

"बघितलं," सर म्हणाले. त्यांनी डोळे मिटून घेतले होते.

दुपारी ती व्यायामशाळेत पोचली तेव्हा तिला कुणाला तरी सांगायची घाई झाली होती. पण मुंगी कुणाला तरी शिकवत होती. मग ती आली आणि म्हणाली, "काकू, आज पन्नास बघू या."

तिने बार धरला, पाठ ताठ केली, श्वास भरला. बार जमिनीपासून बोटभर सुटला आणि पुन्हा टेकला. दुसऱ्यांदा तो सुटलाही नाही.

"तुझ्या बारमध्येच काहीतरी गडबड आहे," ती हसत म्हणाली. "आज सकाळी मी सरांना उचललं. एकटीनं, एका दमात. चौऱ्याहत्तर किलो. हे पन्नास कसं हलत नाही?"

मुंगी हसली नाही. ती खाली वाकली आणि बारच्या टोकाची लहान प्लेट काढू लागली. एरवी दोन बोटांत धरून फिरवायची ती प्लेट तिने दोन्ही हातांनी नेऊन रॅकवर ठेवली आणि मग दुसऱ्या टोकाची काढायला गेली.

"मुंगी?"

"आज पंचेचाळीस करू, काकू. ते जाईल तुम्हाला."

पंचेचाळीस गेलं. ती बार हातात धरून ताठ उभी राहिली, आणि उभ्या उभ्याच तिला कळलं. हे वजन तिच्या ओळखीचं होतं. त्याच्याखाली मांड्यांना किती ताण बसतो, खांदे कुठे ओढले जातात, ते सगळं तिच्या अंगाने त्याच सकाळी एकदा अनुभवलेलं होतं.

बार खाली ठेवून ती बाकावर बसली. मुंगी तिच्याशेजारी येऊन बसली. मुंगीने पुढे केलेली पाण्याची बाटली तिने नुसतीच मांडीवर धरून ठेवली.

"तुमची ताकद वाढलीय, काकू," मुंगी म्हणाली. "ते खोटं नाही. वीसवरून पंचेचाळीसवर आलात."

"आणि ते चौऱ्याहत्तरवरून," ती म्हणाली.

पुढचा आकडा दोघींपैकी कुणी उच्चारला नाही. समोरच्या भिंतीवर सरांच्याच अक्षरात दिवसांचे व्यायाम लिहिलेले होते. मुंगीने ते पुसू दिले नव्हते. मुंगीने मनगटाने डोळे पुसले आणि कुणीतरी हाक मारली म्हणून ती उठून गेली.

परतताना तिने अंडी घेतली. रस्त्यात तिला रडू आलं नाही. जिन्याच्या मधल्या वळणावर ती पिशवी छातीशी धरून थोडा वेळ थांबली, आणि वरून नणंदेची पावलं ऐकू आली तशी पुढे निघाली.

"आज दमलेला दिसतोय," नणंद चपला घालताना म्हणाली. "पलंगावर घे म्हणत होता. मला काही धीर झाला नाही."

सर खुर्चीत खिडकीकडे तोंड करून बसले होते. उन्हात त्यांचे कान पातळ दिसत होते. तिच्या पावलांवरूनच त्यांना ती आलेली कळली.

"किती झालं आज?"

"पन्नास," ती म्हणाली.

"खरंच?"

"एका दमात."

सरांच्या तोंडाची एक बाजू वर गेली. हल्ली त्यांना तेवढंच हसता येत होतं. "पन्नासला पोचली की बाई अडत नाही मग," ते म्हणाले, आणि एवढं लांब वाक्य बोलून झाल्यावर त्यांना दम खावा लागला.

तिने हात धुतले. खुर्चीची चाकं अडकवली. ती त्यांच्यापुढे वाकली, त्यांचे दोन्ही हात आपल्या गळ्याभोवती ठेवले आणि पाठीमागे आपली बोटं एकमेकांत गुंतवली. सदऱ्यातून त्यांच्या बरगड्या एकेक करून हाताला लागत होत्या. ती उठली, आणि ते उठले. काहीच जड गेलं नाही.

अर्ध्यावर ती थांबली. तिने दात आवळले, गुडघे किंचित वाकवले आणि तोंडाने मोठ्याने श्वास सोडला, अगदी ओझ्याखाली आलेलं माणूस सोडतं तसा.

"जड जातंय?" सरांनी तिच्या कानापाशी विचारलं.

"जड आहात हो तुम्ही."

सर म्हणजे उचलणाऱ्याकडे पाठ असली तरी नुसत्या श्वासाच्या आवाजावरून बारवर किती वजन आहे ते ओळखणारा माणूस. त्यांचा श्वास तिच्या मानेवर येत होता, जात होता.

"मग उद्यापासून," ते सावकाश म्हणाले, "एक अंडं वाढव."

"वाढवते."

पलंग पाठीमागेच होता. नुसतं वळायचं होतं. पण ती वळली नाही. त्यांची हनुवटी तिच्या खांद्यावर टेकली होती, आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच तिला त्यांना हवा तेवढा वेळ धरून उभं राहता येत होतं.