टोलेफच्या ओट्यावरची परकी भांडी

टोलेफ ब्रेक्केची बायको सेल्मा वारली त्या आठवड्यात एल्क फोर्क गावच्या बायकांनी त्याच्या दारी भरल्या भांड्यांची रीघ लावली. बटाट्याचं, कोंबडीचं, शेवयांचं. प्रत्येक भांड्याच्या बुडाला चिकटपट्टी, पट्टीवर मालकिणीचं नाव. टोलेफने सगळं निमूट खाल्लं, भांडी लख्ख घासली, आणि तिथंच गाडं अडलं. या गावात भांडं रिकामं परत जात नसे. सेल्मा होती तेव्हा जॅम म्हणा, पाव म्हणा, काहीतरी घालूनच ती भांडं शेजारी धाडायची. टोलेफला अंडं उकडण्यापलीकडे काही येत नव्हतं.

म्हणून भांडी ओट्यावर राहिली, आणि भांडी राहिली म्हणून टोलेफ माणसांतून उठला. चर्चमध्ये मागच्या बाकावर बसायचा नि शेवटचं भजन संपता संपता सटकायचा, कारण खाली तळघरात कॉफीभोवती त्या साऱ्या मालकिणी. दुकानात कुणी दिसलं की खिळ्यांच्या खोक्यांमागे व्हायचा. गाव म्हणालं, दुःख मोठं आहे, त्याला एकटं राहू द्या. एकटं राहू देणं ही त्या गावाची माया करायची रीत. गावाने भरभरून माया केली. टोलेफ हिवाळाभर भिंतींशी बोलला.

बर्फ वितळलं. परसात सेल्माने लावलेल्या रुबार्बचे लाल आंबट दांडे वर आले, कुणी न बोलावता. टोलेफ त्यांच्यापुढे बराच वेळ उभा राहिला. मग आत जाऊन सुरी घेऊन आला.

रुबार्बचा पहिला केक जळला. दुसऱ्याला कोंबड्यांनी चोच लावून सोडून दिलं. त्यानंतरचा मधोमध खचला, पण केक म्हणता येईल असा होता. रविवारचा कोट चढवून, निळ्या भांड्यात तो घेऊन टोलेफ क्विस्टबाईंकडे निघाला. गावात सगळ्यात तिखट जीभ त्यांचीच. तिथं निभावलं तर कुठंही निभावेल.

बाईंनी दार उघडलं, त्याच्याकडे पाहिलं, फडकं उचलून पाहिलं.

“यात विहीर खणलीस का रे?”

“खचला,” टोलेफ म्हणाला. “भांडं परत द्यायला उशीर झाला, क्विस्टबाई. पण रिकामं आणवेना.”

बाईंनी फडकं पुन्हा नीट पसरलं. ब्रेक्केला शिष्टपणा चढलाय, भांडीसुद्धा दाबून बसलाय, असं तळघरातल्या कॉफीवर त्यांनीच हिवाळाभर सांगितलं होतं.

“एवढ्यासाठी तोंड लपवून फिरलास?”

“एवढ्यासाठीच.”

“गाढवा,” त्या म्हणाल्या, पण लेकराच्या अंगावर पांघरूण घालावं इतक्या हळू.

त्यांनी त्याला बसवलं, केकचे दोन तुकडे कापले. जत्रेत केकची बक्षिसं मिळवणारी ती बाई. तिने तो दगड कॉफीत बुडवून बुडवून शेवटच्या कणापर्यंत खाल्ला, चेहऱ्यावरची रेघ न हलवता. मग सोडा किती घातलास म्हणून विचारलं. घातलाच नव्हता.

“बाकीची भांडी मी पोचवणार नाही हं, आधीच सांगते.”

“मीच नेईन. एकेक.”

“प्रत्येकीला हाच केक?”

“दुसरं कुठं येतं?”

बाईंना हसू आवरेना. बिचाऱ्या लुंडबाईंचे दात आधीच हलतायत, त्यांच्याकडे सगळ्यात शेवटी जा, असं त्यांनी बजावलं, आणि कॉफीची किटली उचलली.

टोलेफ सवयीने म्हणाला, “अर्धाच कप.” मग त्याने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

“नाही. भरून द्या.”