उजव्या हाताची मूठ

ऑनलाइन मागवलेलं धनुष्य तिसऱ्याच बाणाला कामिनीच्या हातातून निसटलं. दोरी तिच्या दंडावर सपकन बसली, धनुष्य केळीच्या सरीत जाऊन पडलं आणि बाण कुठे गेला ते कळलंच नाही. बांधावर उभा असलेला तिचा नवरा योगराज धावत आला. तोवर तिनं धनुष्य उचलून पुन्हा उजव्या हातात धरून पाहिलं होतं.

"बसत नाही," ती म्हणाली. "हे माझ्या हाताचं नाहीच."

"डावखुऱ्यांचंच मागवलंय. विकणाऱ्याला फोनवर दोनदा विचारलं मी."

"डावखुऱ्यांचं आहे. पण त्यांना बोटं असतात ना."

कामिनीच्या उजव्या हाताची मधली तीन बोटं कुट्टी मशीनमध्ये गेली होती. कडब्याच्या पेंढीत राहिलेली सुतळी तिनं ओढली आणि सुतळीसोबत हात आत गेला. अंगठा आणि करंगळी उरली. त्याला आता काही वर्षं झाली. ती भाकरी थापायला शिकली, लिहायला शिकली, स्कूटीही चालवू लागली. पण त्या तीन बोटांनी ती आणखी एक काम करायची. धनुष्याची दोरी ओढायची. शाळेत असताना रावेर तालुक्यातून राज्यापर्यंत गेलेली ती पहिली मुलगी होती आणि लग्नानंतरही तिनं खेळ सोडला नव्हता. सासऱ्यांनी खळ्याच्या कडेला तिच्यासाठी गवताचं लक्ष्य बांधून दिलं होतं. अपघातानंतर तिनं ते लक्ष्य गुरांपुढे टाकलं आणि आपलं बांबूचं धनुष्य गावातल्या एका मुलीला देऊन टाकलं.

मग गेल्या थंडीत ती धुळ्याला एक खुली स्पर्धा बघायला गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा गाळता गाळता म्हणाली, "डाव्या हातानं ओढीन मी. उजव्यानं नुसतं धरायचं."

योगराजनं तिला विरोध केला नाही. त्यानं धनुष्य मागवलं. ते हे असं सरीत पडलं.

स्पर्धेत तिनं एका खेळाडूकडे लाकडी धनुष्य पाहिलं होतं. खेळ संपल्यावर त्यानं दोन बोल्ट फिरवून त्याचे तीन तुकडे केले आणि पिशवीत घातले. कोणी बनवलं असं विचारल्यावर त्यानं नाव सांगितलं होतं, साक्रीच्या पुढे डोंगराकडच्या एका गावातली जिवली. तेच नाव घेऊन कामिनी योगराजसोबत निघाली.

"बोटं गेली ती गेली," सासू लताबाई दारात उभी राहून म्हणाली. "आता राह्यलेला हात कायले पणाले लावती वं?"

"पणाला नाही लावत, आई. कामाला लावते."

लताबाई मान उडवून आत गेली. पण डब्यात तिनं दोन दशम्या जास्त बांधून दिल्या.

भुसावळ, जळगाव, धुळे, साक्री. एसटी बदलत बदलत दोघं दुपारी पोचली. जिवलीची शेड गावाच्या टोकाला, मोहाच्या झाडाखाली होती. पत्र्याखाली बांबूच्या पट्ट्या सावलीत वाळत लावलेल्या होत्या, शिसवाचे ठोकळे रचलेले होते. जिवली पन्नाशीची, काटक बाई. बापाकडून बांबूचं धनुष्य करायला शिकली, मग बाहेरगावी खेळाचं सामान बनवणाऱ्या कारखान्यात बरीच वर्षं काम करून परत आली. तिचा बाप डोंगरसिंग शेडच्या दाराशी खाटेवर बसून होता.

कामिनीनं सगळं सांगितलं. जिवलीनं ऐकून घेतलं आणि सरळ नाही म्हणाली.

"अक्का, का?"

"एका साहेबांना करून दिलं मी. फार हौसेनं घेऊन गेले. पुढच्या दिवाळीला त्यांच्या घरी गेले तर दिवाणखान्यात टांगलेलं. दोरीसुद्धा चढवली नव्हती. भिंतीवर लावायला मी करत नाही."

"मी भिंतीवर लावणार नाही."

"सगळे तेच म्हणतात. डाव्या हातानं कधी ओढलंय का तुम्ही?"

"तीन बाण."

जिवली हसली नाही. तिनं कोपऱ्यातलं एक हलकं बांबूचं धनुष्य काढलं, त्याच्या मधोमध चामड्याची पट्टी गुंडाळली आणि ती कामिनीच्या मनगटाला बांधली. "हे घेऊन जा. हात घसरेल, जाच होईल, नेम लागणार नाही. लागायला नकोच आहे. फक्त ओढायचं आणि सोडायचं. पोळा झाला की या. तोवर डावा खांदा बोलायला लागला असेल, तर पुढचं बघू."

खाटेवरून डोंगरसिंगनं हात पुढे केला. "हात दखाड, बेटा."

कामिनीनं उजवा हात त्याच्या हातात दिला. म्हाताऱ्यानं तुटलेल्या बोटांच्या जागा सोडून तळव्याचा अंगठ्याखालचा उंचवटा दाबला. "बोटंस्नं काम नही," तो म्हणाला. "बठ्ठा जोर आठे शे." सगळा जोर इथेच आहे, असं सांगत त्यानं तो उंचवटा पुन्हा दाबला.

परतीच्या एसटीत योगराजनं विचारलं, "करेल ती?"

"करेल," कामिनी म्हणाली.

उन्हाळा गेला, पाऊस आला. केळीबागेत पाणी साचायचं तेव्हा कामिनी पॅकिंग शेडमध्ये पोत्यांच्या थप्पीवर बाण मारायची. सुरुवातीला डावा हात दोरी अर्ध्यावर आणून थरथरायचा. रात्री खांद्याला तेल चोळून ती कूस न बदलता झोपायची. कापणीला आलेल्या बाया थोडा वेळ बघायच्या, हसायच्या. वना नावाची त्यांची मुकादम एकदा म्हणाली, "ताई, ज्या हाताला सवय नाही त्याला एवढं कशाला छळता?"

"त्यालाही कधीतरी कळलं पाहिजे की घरात तो एकटाच धड आहे," कामिनी म्हणाली. यावर मात्र सगळ्याच हसल्या, तीसुद्धा.

पोळ्यानंतर ती एकटीच साक्रीला गेली. जिवलीनं तिला खांद्यावरून पदर बाजूला करायला सांगितला, डाव्या खांद्यामागचा स्नायू बोटांनी चाचपला आणि मान हलवली. मग मातीचा गोळा मळायला घेतला.

गोळा लाकडी दांड्यावर थापून तिनं कामिनीपुढे धरला. "दाबा. नेहमी धनुष्य धरता तसं."

कामिनीनं तळवा दाबला. मातीत अंगठ्याचा खड्डा उमटला, करंगळीचा उमटला आणि मध्ये कापलेल्या बोटांच्या तीन गोल खुणा. जिवलीनं ते बराच वेळ न्याहाळलं.

"दुखतं कुठे?"

"तर्जनी तुटली त्या टोकाला. लाकूड घासलं की झिणझिण्या येतात."

"मग तिथे लाकूड नसेलच."

शिसवाची मूठ कोरायला जिवलीनं पुरेसा वेळ घेतला. कामिनी पुन्हा गेली तेव्हा मूठ आकाराला आली होती. तर्जनीच्या जागी खोल कोरलेलं होतं आणि अंगठ्याखालचा उंचवटा टेकेल तिथे लाकूड किंचित वर आलेलं होतं. कामिनीनं ती धरली. पहिल्यांदाच हाताला काही शोधावं लागलं नाही. पण थोड्या वेळानं मधल्या बोटाची जागा ठणकू लागली.

"यावर मऊ चामडं लावू?" जिवलीनं विचारलं.

"नको. मऊ लागलं की हलतं. हललं की बाण जातो. तुम्ही लाकूडच काढा."

"अजून काढलं तर मूठ बारीक होईल. मोडू शकते."

"मोडली तर दुसरी करू."

जिवलीनं तिच्याकडे पाहिलं, मग कानस उचलली. कामिनी तिथेच बसून राहिली. थोडं कानसायचं, धरायचं, नाही म्हणायचं, परत कानसायचं. डोंगरसिंगनं दोनदा चहा मागवला. ऊन कलायला लागलं तेव्हा कामिनी काही न बोलता मूठ धरून नुसती उभी राहिली आणि जिवलीनं कानस खाली ठेवली.

मूठ हा कायमचा भाग होता. तिच्या वर आणि खाली धनुष्याची वाकणारी पाती बोल्टनं बसायची. जिवलीनं समजावलं, आधी हलकी पाती करायची. हातात ताकद येईल तशी पाती बदलायची, मूठ तीच राहील. म्हणून तर धनुष्य सुटं होणारं करायचं. बांबूच्या पातळ पट्ट्या, दोन्ही बाजूंनी फायबरची पट्टी, मध्ये सरस, सगळं साच्यात घट्ट दाबून. डिसेंबरमध्ये धुळ्याची स्पर्धा होती. कामिनीनं नाव दिलं.

पाती तयार झाल्याचा फोन आला तेव्हा योगराजही सोबत आला. भिंतीवर एक फळी ठोकलेली होती. तिच्यावर धनुष्य अडकवून जिवलीनं कप्पीवरून दोरी ओढायला सुरुवात केली. दोन्ही पाती सारखी वाकतात का, हे पाहायचं होतं. वाकत होती. कामिनीच्या चेहऱ्यावर हसू आलं. आणि तेवढ्यात फाटक्या कापडासारखा आवाज झाला. खालच्या पात्याच्या पट्ट्या एकमेकींपासून सुटल्या होत्या.

जिवलीनं दोरी सैल सोडली. मग ती म्हणाली, "हवा दमट होती. मी थांबायला हवं होतं. तुमच्या तारखेच्या घाईत सरस लावला."

"पुन्हा चिकटवता येईल ना?" योगराज म्हणाला. "एवढं एकच गेलंय."

जिवलीनं वरचं, धडधाकट पातं सोडवलं. करवत घेतली आणि ते मधोमध कापलं.

"अहो अक्का!" योगराज पुढे झाला. "ते तर चांगलं होतं!"

"जोडीतलं एक गेलं की दुसरं ठेवून चालत नाही. ठेवलं तर उद्या मला मोह होईल त्याला जोड लावायचा. मग बाण एकदा वर, एकदा खाली. हिनं एवढा हात घडवलाय, त्याला मी लंगडं धनुष्य देऊ?"

कामिनीला रडू आलं. तिनं ते आवरलं नाही. पदरानं डोळे पुसून म्हणाली, "डिसेंबर जाईल."

"जाईल," जिवली म्हणाली.

"नवीन कधी?"

"बांबू पुन्हा तोडायचा, वाळवायचा. कोरड्या हवेत सरस लावायचा. होळीला या."

डिसेंबरात कामिनी धुळ्याला गेली आणि कठड्याच्या बाहेर बसून स्पर्धा पाहिली. योगराजला वाटलं होतं, ती खचेल. पण ती वारा कुठून येतो ते पाहत होती, कोण कितव्या बाणाला थकतं ते पाहत होती. घरी आल्यावर तिनं जुनं हलकं धनुष्य पुन्हा काढलं.

होळीला धनुष्य मिळालं. यावेळी जिवलीनं फळीवर ते कितीतरी वेळा ओढून ठेवलं, सोडलं, पुन्हा ओढलं. आवाज आला नाही. मग शेडमागच्या मोकळ्या जागेत तिनं बांध दाखवला. कामिनीनं बोल्ट आवळले, दोरी चढवली, मनगटाचा पट्टा अडकवला. उजवा तळवा मुठीवर टेकवला, डाव्या हातानं दोरी हनुवटीपर्यंत आणली आणि सोडली. धनुष्य पुढे झुकलं, पट्ट्यात झुललं, पण निसटलं नाही. बाण बांधात रुतला. मागच्या बाजूला आणलेल्या खाटेवरून डोंगरसिंग म्हणाला, "आखो."

तिनं आणखी एक मारला. आणि आणखी. जिवली कामाला लागली तरी ती मारतच होती.

त्या वर्षीच्या डिसेंबरात कामिनी धुळ्याच्या मैदानावर रेषेवर उभी होती. तिच्या आजूबाजूला तिच्या मुली शोभतील अशा वयाच्या पोरी होत्या. तपासणीला आलेल्या पंचांनी मूठ हातात घेऊन उलटीसुलटी पाहिली, पट्टा ओढून पाहिला, "ठीक आहे" म्हणाले आणि जाता जाता एकदा मागे वळून पाहिलं.

पहिला बाण लक्ष्याला लागलाच नाही. मागच्या जाळीत गेला. उजव्या हाताची नसलेली बोटं मूठ आवळू पाहत होती. अपघातानंतर कधीकधी असं व्हायचं, बोटं आहेत असंच वाटायचं. तिनं धनुष्य खाली केलं. डोंगरसिंगनं दाबली होती ती जागा अंगठ्याच्या बुडाशी स्वतःच दाबली. मग पुन्हा उभी राहिली. दुसरा बाण निळ्या वर्तुळात. तिसरा लाल कडेला. दुपारपर्यंत तिचे बाण मधल्या पिवळ्याच्या आसपास जमू लागले. उन्हात डावा खांदा पेटला होता, पण तो आता तिचा जुना ओळखीचा होता.

निकाल लागला. ती चौथी आली होती. पुढच्या निवडीला पहिल्या तिघी जाणार होत्या. तिसरीच्या आणि तिच्या मध्ये एकच बाण होता, तो जाळीत गेलेला.

योगराज पाण्याची बाटली घेऊन आला. त्यानं ती उघडून तिच्यापुढे धरली. त्याच्यामागे जिवली होती. ती सकाळपासून प्रेक्षकांत बसली होती आणि कामिनीला कळू दिलं नव्हतं. तिनं धनुष्य घेतलं, पात्यांवरून अंगठा फिरवला, कान लावून टिचकी मारली.

"मूठ हलली का?" तिनं विचारलं.

"नाही."

"पाती?"

"एकदाही नाही."

"मग बाण तुझा गेला," जिवली म्हणाली. पहिल्यांदाच ती तिला 'तू' म्हणत होती.

"हो. माझाच," कामिनी म्हणाली. तिला वाईट वाटत होतं, खूप वाईट वाटत होतं, पण अपघातानंतरच्या दिवसांसारखं नाही. यात करण्यासारखं काहीतरी होतं.

मैदानावर मुलं लक्ष्यं उचलायला लागली होती. पोरी सामान भरत होत्या, कोणी फोटो काढत होतं. कामिनीनं जिवलीकडून धनुष्य घेतलं, पट्टा पुन्हा मनगटाला लावला आणि पंचांकडे चालत गेली.

"सर, शेवटचं लक्ष्य थोडा वेळ राहू द्याल का?"

"आता? स्पर्धा संपली, ताई."

"स्पर्धेसाठी नाही. मला पहिला बाण मारायचाय."

पंचांनी घड्याळ पाहिलं, उतरलेलं ऊन पाहिलं आणि लक्ष्य उचलणाऱ्यांना हातानं थांबायची खूण केली. योगराज आणि जिवली कठड्याला टेकून उभे राहिले. कामिनी रिकाम्या रेषेवर गेली, पाय रोवले आणि दोरी ओढली.